प्रमिलाचा जोडविषय

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर प्रमिलाने ओसरीत खुर्ची मांडली. शिवणाच्या टेपने खुर्चीपासून तीन मीटर मोजले, फरशीवर खडूची रेघ ओढली आणि मला म्हणाली, "बसा."

मी बसलो. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात बस म्हटल्यावर बसायची सवय झालेली असते.

"आता मी म्हणलं की उठायचं. रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. हात टेकायचा नाही. मी टाइम लावतो."

"कायले?"

"माहा अभ्यास हाये."

मी उठलो आणि छाती काढून चाललो. तिने मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं. "मिलमधे मालक आल्यासारखं नका चालू. रोजच्यासारखं चाला."

"मी रोज असाच चालतो."

"खोटं. खोट्यानं अभ्यास बिघडते."

तीन वेळा चालवलं. तिसऱ्या वेळी चौदा सेकंद लिहिले. मी विचारलं, हे बरं आहे का वाईट? म्हणाली, "चांगलं-वाईट नंतर. आधी लिहायचं असते." मग फॉर्म काढला. त्यात रोजच्या कामांची यादी होती आणि प्रत्येक कामासमोर तीन चौकटी: स्वावलंबी, मदत लागते, परावलंबी. आंघोळ, स्वावलंबी. कपडे, स्वावलंबी. वेळेवर गोळ्या घेणं, इथे तिने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच 'मदत लागते'वर खूण केली. मग स्वयंपाक.

"येते का?"

"नाही."

"चहा?"

"नाही."

"कुकर तरी?"

"नाही म्हणलं ना वं. किती खेपा विचारशीन?"

तिने पेन्सिल थोडा वेळ तशीच धरली. मग 'परावलंबी'वर खूण केली.

हे खोटं होतं. मला स्वयंपाक येत होता. दोन वर्षांपासून येत होता, आणि ते तिला माहीत नव्हतं. निदान तेव्हा तरी माझी तशी समजूत होती.

खाली संमतीपत्र होतं. वर दिलेली माहिती खरी आहे, असं छापलेलं आणि त्याखाली सहीची जागा. मी सही केली नाही. म्हटलं, कागदावर सही करून माणूस फसते. ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी फाइल द्यायची हाये. तुमची सही नसली तं मॅडम घेणार नाही. सारं वर्ष वाया."

"पुढच्या रविवारी पाहू."

"बरं. आन् एखादं उत्तर बदलायचं असलं तं तेव्हाच बदला. उत्तरदात्याले तेवढा हक्क असते."

उत्तरदाता म्हणजे मी. तिने फाइल पिशवीत घातली आणि भांडी घासायला गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. पुढचा रविवार आलाच नाही.

आता ही बाई कोण होती ते सांगतो. मला लिहिता येतं पण मांडता येत नाही. मी चौथी पास. अकोल्यात एका दालमिलमध्ये फिटर होतो. जुन्या शहरात आमचं दोन खोल्या आणि ओसरी एवढं घर. प्रमिला दहावी. आमच्याच भागात अंगणवाडी सेविका होती, पासष्टाव्या वर्षी रिटायर होईपर्यंत.

तिच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली असायची. देवपूजा करतानाही. कोणी काही बोललं की ती पेन्सिल काढायची, आणि समोरचा माणूस आपोआप जपून बोलायचा. ती अंगणवाडीत पोरांना काट्यावर टांगून वजन घ्यायची. तीस-पस्तीस वर्षं हेच केल्यामुळे तिला माणसाचं नाव नंतर आणि वजन आधी आठवायचं. एकदा लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला. सहा फूट, फेटा, गॉगल. ही सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अवो, हा तर साडेआठ किलोवाला! तीन वर्षांचा झाला तरी नवाच्या वर जात नव्हता." नवरीकडच्यांना वाटलं काही आजार लपवला. नवरदेवाच्या मायने पुढे येऊन शपथ घेतली तेव्हा मांडव शांत झाला.

रिटायर झाली आणि दोन महिन्यांत सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसली. मला वाटलं, वेळ जात नसेल. पास झाली. मग म्हणाली, "मी कॉलेजले जातो."

आमच्याकडच्या बायका मी जातो, मी करतो असंच बोलतात. तिकडे कॉलेजात पुण्याच्या मॅडमनी तिला टोकलं, 'जाते' म्हणा. ही म्हणाली, "पेपरात जाते लिहीन मॅडम, बोलताना जातोच म्हणीन. नाही तं घरी बुढा ओयखणार नाही मले."

कॉलेज अमरावतीला. काहून अमरावती? तर तिथे आमची मुलगी सविता राहते आणि तिथे तो विषय आहे. मुख्य विषय मराठी. दुसऱ्या वर्षापासून त्याला एक छोटा विषय जोडायचा, मायनर म्हणतात त्याला. हिने जोडला वार्धक्यशास्त्र. म्हणजे म्हातारपणाचं शास्त्र. मला हे नाव महिनाभर नीट म्हणता आलं नाही. चहाच्या टपरीवर मिलमधला जुना जोडीदार रहीमभाई म्हणाला, "भाभी वर्ध्याचं शास्त्र शिकायला अमरावतीला काहून जाते? सीधी वर्ध्याला जाय ना." मी म्हटलं, वर्धा नाही, मायनर आहे तो. रहीमभाईचा चेहरा उतरला. "मायनर आहे तर घाबरू नको. दोन दिवसात सुट्टी होते. माझ्या भावाचंही मायनरच होतं." त्याला ऑपरेशन वाटलं. मी समजावलं नाही, कारण मलाच समजलेलं नव्हतं. अजूनही पूर्ण समजलेलं नाही. म्हातारं माणूस शेजारीच बसलेलं असताना त्याच्यात पुस्तकातून काय पाहायचं?

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला मी सोबत गेलो होतो. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "आजी, नातीचा फॉर्म का?"

"माहा."

त्याने फॉर्म पाहिला, विषय पाहिला, मग तिला पाहिलं. "आज्जी, याच्यात तुमाले शिकायचं काय बाकी राह्यलं?"

ती म्हणाली, "बाबू, म्हातारं होनं येते मले. समजत नाही."

तो हसला आणि शिक्का मारला. मी बाहेर आल्यावर विचारलं, खरं सांग, काहून शिकतं हे? तिने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी उत्तरं दिली होती. सविताला सांगितलं, शिकायचं राहून गेलं होतं. शेजारच्या शोभावहिनीला सांगितलं, टाइमपास. मला म्हणाली, "तुमाले समजून घ्याले."

"एवढ्या वर्षांत समजलो नाही का?"

"ते नवरा म्हणून. आता बुढा म्हणून."

यातलं खरं कोणतं? का तिन्ही खरी? मला वाटतं अजून एक उत्तर असेल, जे तिने कोणालाच दिलं नाही. कधी वाटतं असं काही नसेलच, मीच उगाच शोधतो.

ती सोमवारी सकाळच्या बसने जायची आणि शनिवारी दुपारी यायची. गल्लीत सहा महिने दुसरा विषय नव्हता. शोभावहिनी जाता-येता बोलायची, "भाऊजी, बुढी कॉलेजात आन् तुमी घरात. आता मंगळसूत्रही तुमीच घाला." मी म्हणायचो, घालतो, तुमच्या नवऱ्यालाही एक आणा. असं बोलायचो आणि घरात येऊन बसायचो. पाच दिवस घर रिकामं. कॅलेंडरवर शनिवार शोधायला लागत नाही, तो सगळ्यात खालच्या ओळीत असतो, तरी मी रोज शोधायचो.

शनिवारी ती आली की पाय धुवायच्या आधी मला आठवड्याचा हिशोब द्यायची. तिच्या विषयात एकच मास्तर नव्हता. एक डॉक्टर यायचा, तो हाडांबद्दल बोलायचा. एक बाई मनाबद्दल. एक वकील पेन्शन आणि पोरांनी टाकून दिलेल्यांच्या कायद्याबद्दल. एक गृहविज्ञानवाल्या मॅडम जिन्याच्या पायऱ्या आणि संडासातल्या कठड्याबद्दल. मी विचारलं, मग खरा विषय कोणता? ती म्हणाली, "सारे मिळून एकच. तुमचे गुडघे सोमवारी येतात, तुमचा राग बुधवारी, तुमचं पेन्शन शुक्रवारी."

"आन् मंगळवारी?"

"मंगळवारी एकटेपण असते." असं म्हणून ती माझ्याकडे न बघता भाजी निवडायला बसली.

त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोट्ट्यांमध्ये ती काय करत असेल, मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. एका शनिवारी तिनेच सांगितलं. वर्गात पोरांना म्हातारं करायचा तास होता. चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन, कानात कापूस, पायाला वाळूच्या पिशव्या आणि बुटात तुरीचे दाणे. मग म्हणे जिना चढून दाखवा. मॅडम हिला म्हणाल्या, आजी तुम्ही बसा. ही बसली नाही. सगळं अंगावर चढवलं. एक पोरगी अर्ध्या जिन्यात रडायला लागली, माझी आजी असंच चालते म्हणून. ही तिच्या शेजारून कठडा धरून वर गेली आणि वरून ओरडली, "दाणे सोडून बाकी सारं माहं रोजचंच हाये वं!" पोरं टाळ्या वाजवत होती. ती मला सांगताना हसत होती, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "पण त्या पोरीचं रडणं खरं होतं. मले तिचं वजन विचारावं वाटलं." मी विचारलं, वजन कायले? म्हणाली, "मले दुसरं काही विचारताच येत नाही."

हे बोलणं मला तेव्हा गमतीचं वाटलं. आता वाटतं, त्यात गंमत नव्हती.

आता माझ्या खोट्याबद्दल. पहिल्या वर्षी तिने माझ्यासाठी खानावळीचा डबा लावला. वरण पाण्यासारखं. मी जन्मभर डाळीत काम केलं, मला ते गिळवेना. तीन आठवड्यांत मी डबा बंद केला आणि कुकर लावायला लागलो. मिलमध्ये परमुलखातले मजूर स्टोव्हवर रांधायचे, ते पाहिलेलं होतं. पहिले दोन महिने डाळ करपली. तिसऱ्या महिन्यात जमली. दिवाळीपर्यंत मी सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून फोडणीचं वरण, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर करायला लागलो. भाकर गोल येत नाही, पण फुगते.

तिला सांगितलं नाही. शनिवारी ती आली की मी तोंड वाकडं करून म्हणायचो, डबा खराब, पोट बिघडलं. ती चटकन पदर खोचायची. शनिवार-रविवार स्वयंपाकघरातून तिचा पाय निघायचा नाही. सोमवारच्या दुपारपुरतंही करून ठेवायची. आणि मी जेवताना मान खाली घालून जेवायचो. मला भीती होती. बुढ्याला सगळं येतं हे कळलं, तर दर शनिवारी येईल कशाला? परीक्षा आहे, लायब्ररी आहे, सविताच्या पोराचा वाढदिवस आहे, एक शनिवार चुकेल, मग दुसरा. म्हणून मी दर शुक्रवारी रात्रीची भांडी घासून, पालथी घालून, मसाल्याचा डबा तिने ठेवला होता त्याच कोनाड्यात ठेवून द्यायचो.

एकदा शनिवारी ती आली आणि कुकरचं झाकण उचलून बघत राहिली. झाकणातली रबराची रिंग काढली, नाकाशी नेली, परत बसवली. मग पदर खोचला. मी पेपर वाचत होतो, उलटा का सुलटा ते आठवत नाही. असे एक-दोन प्रसंग आहेत. ती पारखी होती. अर्धा किलोचा फरक नुसत्या हाताने ओळखणारी बाई, तिला तेलाची बरणी कमी झालेली दिसली नसेल? पण दिसली असेल तर बोलली काहून नाही?

तो सोमवार. पिशवी मी उचलली, ती नको म्हणाली, तरी मी उचलली. बसस्टँडवर तिने अकोल्यातच कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घातलं. मी म्हटलं, तिथे गेल्यावर घाल ना. म्हणाली, "बसमधे कंडक्टर विचारते, आजी कोणाले भेटाले चालल्या. हे दिसलं की विचारत नाही." ती खिडकीशी बसली. मी खाली उभा होतो. बस सुटायच्या आधीच तिने चष्मा चढवला आणि वही उघडली. ओठ हलत होते, काहीतरी पाठ करत होती. मी हात वर केला. तिचं लक्ष नव्हतं. अंबाड्यातली पेन्सिल तेवढी मला बस वळेपर्यंत दिसत राहिली.

दुपारी सविताचा फोन आला. तिसरा तास संपल्यावर प्रमिला कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. पोरींना वाटलं, डोळा लागला. उठवायला गेल्या तेव्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. सविता तिला घेऊन संध्याकाळी अकोल्याला आली आणि रात्र व्हायच्या आत सगळं आटोपलं. चार माणसांनी जे सांगितलं ते मी केलं. मला कोणाचे चेहरे आठवत नाहीत. आंघोळ करून ओसरीत बसलो तर शोभावहिनीने कडू घास म्हणून भाकर-पिठलं आणलं. मी खाल्लं की नाही, तेही आठवत नाही.

आमच्याकडे तिसऱ्या दिवसापर्यंत दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे आणून घालतात.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी उठलो. तिला ठेवलं होतं त्या जागी दिवा तेवत होता, त्याच्याजवळ सविता चटईवर झोपली होती. तिने आणलेली कॉलेजची पिशवी कोपऱ्यात पडली होती. मी ती उघडली. फाइल वरच होती. माझं पान शोधायला वेळ लागला, मी अक्षर लावून वाचतो. उत्तरदाता, वय चौऱ्याहत्तर. चालणे, चौदा सेकंद. स्वयंपाक, परावलंबी. त्या खुणेशेजारी पेन्सिलने छोटंसं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

हे रविवारी नव्हतं. कधी काढलं? बसमध्ये? आणि कशासाठी? मॅडमला विचारायचं होतं की कुकर न येणाऱ्याला परावलंबी म्हणायचं का 'मदत लागते'? का मला विचारायचं होतं? का तिला सगळं ठाऊक होतं आणि ती रविवारची वाट पाहणार होती, मी स्वतःहून बोलतो की नाही ते बघायला? मी ते चिन्ह किती वेळ पाहिलं कोण जाणे. सहीची जागा मोकळी होती. त्या बाईचं वर्षभराचं काम माझ्या एका खोट्यावर टेकून उभं होतं, आणि सोमवार सहा दिवसांवर होता.

मी फाइल ओट्यावर ठेवली. डाळीच्या डब्यातून दोन वाट्या तूर काढली, धुतली, हळद घातली, कुकर लावला. कढईत तेल तापवलं. लसूण ठेचताना आवाज झाला आणि सविता उठून दारात आली. ती काही बोलायच्या आत बाहेरून शोभावहिनी चहाची किटली घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अवो भाऊजी! हे काय करून राह्यले? घरात चूल नाही पेटवत अजून!"

"माहीत हाये."

"मंग? लोक काय म्हणतील? बाईले जाऊन एक दिवस नाही झाला..."

"वहिनी, ती लिहून गेली का मले स्वयंपाक येत नाही. मले येते. हे खोटं घेऊन फाइल कॉलेजात जाईन. मी जाऊ देत नाही."

शोभावहिनीने किटली खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. सविता माझ्याकडे बघत होती. "बाबा, तुमाले कधीपासून येते?"

"दोन वर्षं."

"आईले माहीत होतं?"

मी तिला पान दाखवलं. तिने प्रश्नचिन्ह पाहिलं. मास्तरीण आहे ती, तिने पान उजेडात धरून पुन्हा वाचलं.

"सविता, हे परावलंबी खोड."

"मी आईच्या अक्षरावर रेघ नाही मारत बाबा."

मग मीच मारली. शेवटी 'शेरा' म्हणून एक लांब रकाना होता, रिकामा. त्यात मी लिहिलं: येते. सांगितलं नव्हतं. माझी चूक. 'चूक'चा उकार ऱ्हस्व झाला का दीर्घ, ते मला आजही माहीत नाही. खाली पूर्ण नाव घालून सही केली. कुकरची तिसरी शिट्टी झाली तशी गॅस बंद केला, फोडणी दिली आणि सविताला, शोभावहिनीला आणि मला, तिघांना वाढलं.